निळी पावलं

डॉक्टरांनी आनंदरावांना फक्त काळा चष्मा लावायला सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांवर मऊ फडकं बांधून त्यावर काळा चष्मा चढवणं हा सिंधूताईंचा स्वतःचा इलाज. "एक डोया पाह्यते तं दुसराही हलते," असं त्यांचं म्हणणं, आणि मोतीबिंदू काढलेल्या नवऱ्याला चार दिवसांपासून त्यांनी असं गुंडाळून ठेवलं होतं. आनंदरावांनी हूं की चूं केलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात कुठल्या गोष्टीवर वाद घालायचा आणि कुठल्या नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

त्या रविवारी त्यांना गच्चीवर आणून बाजेवर बसवलं होतं. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्या गल्लीत पौषातलं ऊन नऊशिवाय पोचत नाही, आणि एकदा पोचलं की ते वाया गेलेलं सिंधूताईंना खपत नाही. बाजेपासून आठ-दहा हातांवर त्यांची नात रितिका बॅट उगारून उभी होती. तिचा बाप रविंद्र बाजूला स्टुलावर बसून एकेक पिवळा बॉल तिच्यापुढे अलगद उडवत होता. समोर दोन बांबूंना जुनी मच्छरदाणी बांधलेली. बॉल तिच्यात जाऊन पडावा अशी अपेक्षा होती. तो बहुतेक वेळा रितिकाच्याच पायाशी पडत होता.

"पाय," रविंद्र म्हणाला. "पाय हलला, रितू."

"नाही हलला, पप्पा."

"टाच उचलली. मले दिसलं. पुन्हा."

रितिकाने पुन्हा पावलात पाऊल ठेवलं. हे अक्षरशः. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा डब्यात थोडा निळा ऑइल पेंट उरला होता. रविंद्रने लेकीला गच्चीवर उभं केलं, तिच्या पायांभोवती खडूने रेघ मारली आणि आत रंग भरून दोन निळी पावलं तयार केली. काही झालं तरी पाय त्या पावलांतून सुटता कामा नये, हा नियम. शेजारच्या मीराबाई एकदा पापड वाळवायला वर आल्या तेव्हा ती पावलं पाहून त्यांनी आधी चपला काढल्या, मग विचारलं, कोणाची म्हणून. रितिकाची आहेत म्हटल्यावर त्यांना चपला घालायचीही लाज वाटली.

पण हसण्यावारी न्यावं असं आता फारसं उरलं नव्हतं. पावलं रंगवल्यापासून रितिकाची बॅटिंग दिवसेंदिवस बिघडत गेली होती. बॉल एकतर आकाशात चढायचा नाहीतर घरंगळत बॉल टाकणाऱ्या पिचरच्या हातात जायचा. आणि मंगळवारी अमरावतीला राज्याच्या सॉफ्टबॉल संघाची निवड चाचणी होती. शाळेतल्या सरांनी परवा तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कॅच एक नंबर घेतेस तू, पन अशीच बॅट फिरवली तं नाव नाही लागनार." सरांकडे तीस मुली आणि एक तास. त्यामुळे बॅटिंगचं खातं रविंद्रने स्वतःकडे घेतलं होतं. सदर भागातल्या ऑफिसातून आला की तो शर्ट न बदलता गच्चीवर जायचा.

मेघा आली तेव्हा साडेदहा वाजले होते. कळमेश्वरच्या बसमधून उतरून ती चालतच आली होती, हातात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. बापाच्या डोळ्यांना आणि भुईमुगाला काय संबंध, हे सिंधूताईंनी विचारलं नाही. त्यांनी वेगळीच गोष्ट टिपली. मेघाला कंपनीत रविवारी ड्यूटी असते. सुट्टी काढून ती आली म्हणजे तिला कोणीतरी बोलावलं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मोनाली फारच मन लावून कोथिंबीर निवडत होती.

"तू केला का वं फोन?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबांना भेटायचं होतं त्यांना," मोनाली म्हणाली.

"हो. अन् मी काल जन्मली."

सिंधूताईंना राग आला नाही, भीती वाटली. या घरात एक गोष्ट बावीस वर्षं हसण्याच्या झाकणाखाली ठेवलेली होती, आणि ते झाकण कोणी उचलू नये असं त्यांना वाटे. मेघा अठरा वर्षांची असताना कामठीच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायची. तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली, जालंधरला. आनंदराव तेव्हा कामठीत हातमागावर बसायचे. ते म्हणाले, भाऊ सोबत जात असेल तर जा. भावाची त्याच दिवशी टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. तो म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी मेघाचं कळमेश्वरला लग्न झालं. तेव्हापासून दर राखीला, गाठ मारून झाली की मेघा विचारते, "दादा, किती रन काढले होते?" रविंद्र म्हणतो, "झिरो." सगळे हसतात आणि जेवायला बसतात. सिंधूताई पण हसत. पण गाठ मारणारी मेघाची बोटं त्या वेळी कशी घट्ट होतात, ते फक्त त्यांनाच दिसायचं.

मेघा आता बापाजवळ बाजेवर बसली होती. शेंग फोडून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवत होती, टरफलं पदरात जमवत होती.

"मेघे, पाह्य आता," रविंद्र उत्साहाने म्हणाला. "किती सरळ बॅट येऊन राहिली. आधी नुसती गरगर फिरे."

"हो, दादा."

रितिकाने बॅट फिरवली. बॉल वर उडाला आणि मच्छरदाणीच्या काठीवर आपटला. मेघाच्या हातातली शेंग फुटता फुटता थांबली. सिंधूताईंना तेही दिसलं.

रविंद्रलाही दिसलं. तो काही दगड नव्हता. मेघा का आली हे ती रविवारची ड्यूटी सोडून आली त्यावरूनच त्याला कळलं होतं, आणि कोथिंबीर निवडणाऱ्या बायकोच्या खाली घातलेल्या मानेवरून तर खात्रीच झाली होती. त्याला लेकीचं फार कौतुक होतं. ती पहिली बॅट घरी घेऊन आली त्या दिवसापासून त्याने मनात ठरवलं होतं की हिचं काही राहू द्यायचं नाही. जिल्ह्याच्या मॅचमध्ये ती फटक्यापाठोपाठ तोल जाऊन पडली, त्याचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर चाळीस वेळा पाहिला. पाय हलतात म्हणून तोल जातो, एवढं त्याला समजलं. म्हणून पाय बांधले. तो स्वतः त्याच जातीचा बॅट्समन होता, एका जागी खांबासारखा उभा राहून हातांनी मारणारा. जे येत होतं ते त्याने लेकीला मनापासून दिलं होतं. मग ते लागू का पडत नाही, हेच त्याला समजत नव्हतं.

"पुन्हा," तो म्हणाला. "मान खाली. पाय गाडून ठेव."

"रवी," आनंदराव बाजेवरून म्हणाले, "पोरीचा पाय मांगून येऊन राहिला."

"तुम्हाले दिसून राहिलं का, बाबा?"

"दिसत नाई म्हनूनच सांगून राहिलो. आधी बॅट सुं करते. मंग तिचा बूट खर्र वाजते. उलटं पाहिजे. मागावर असं केलं असतं तं धोटा सुतातच अडकला असता."

रितिका बॅट टेकवून आजोबांकडे वळली. "म्हणजे कसं, आबा?"

"आधी पायानं पावडी दाबाची. सूत फाकते, रस्ता होते. मंग त्या रस्त्यातून हातानं आडव्या सुताचा धोटा फेकाचा. पायानं रस्ता नाई केला अन् हात फेकला, तं तुटते सारं. चाळीस वर्ष तोच आवाज ऐकला मी. तुह्या बॅटचा आवाज चुकला हाये."

"मग काय करू मी?"

"मले काय माहीत? मी कदी धरली बॅट?" आनंदरावांनी तळहात पुढे केला, दाणे आले नाहीत म्हणून तो तसाच ठेवला. "तुह्या आत्याले विचार. लहानपनी माह्या मांडीवर बसून पावडी दाबे ती. तिचा पाय कदी चुकला नाई."

खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मी काय सांगू, बाबा," मेघा म्हणाली. "बावीस वर्ष झाले. मी आता पॅकिंग करते कंपनीत. दादा शिकवूनच राहिला ना."

"हो ना," रविंद्र म्हणाला. "क्रिकेट काय अन् सॉफ्टबॉल काय. बॅट तं बॅटच असते."

"नसते, दादा."

ती हळूच म्हणाली, पण म्हणाली. तिलाच आश्चर्य वाटलं. रविंद्र स्टुलावरून उठला. मोनालीने कोथिंबीर बाजूला ठेवली आणि सासूकडे न पाहता सांगून टाकलं, "मीच फोन केला ताईंना. परवा रितू न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

रविंद्रने लेकीकडे पाहिलं. ती निळ्या पावलांवरच उभी होती, मान खाली घालून. तो जिना उतरून गेला.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहाचं आधण ठेवलं. राग आला की रविंद्र चहा करतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो चहा नेहमी जास्तच गोड होतो. सिंधूताई मागोमाग उतरल्या. त्यांना सकाळपर्यंत मुलाचीच बाजू घ्यायची होती. पण नळ सोडून रडणारी नात त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"तुह्या बापाचे डोये मी बांधले," त्या म्हणाल्या. "तुह्ये कोनं बांधले, गा?"

रविंद्रने चौथा चमचा साखर टाकली.

"तिच्यासाठीच करून राहिलो ना, आई."

"माहीत हाये मले. तुह्याइतकं कोनी करत नाई. पन बापू, भाजी करपली तं गॅस वाढवून ठीक होते का?"

वर मेघा अजून बाजेवरच होती. उठायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. तिला राग नव्हता, निदान आता नव्हता. भावाने लेकीसाठी जे केलं ते पाहून तिला कित्येकदा भरून आलं होतं. भीती एवढीच होती की बॅट एकदा हातात घेतली तर बावीस वर्षं जे हसण्यावर नेलं ते हसण्यावर राहणार नाही. पण पोरीचं स्विंग तिच्या डोळ्यांना सलत होतं. कमरेपासून खाली पोरगी नुसती गाडलेली, आणि वरचे दोन हात बिचारे एकटेच राबत होते.

तिने पदरातली टरफलं मुठीत घेतली आणि उठली.

"उतर त्या पावलांवरून."

"पप्पा रागावतील, आत्या."

"रागावू दे. भाऊ माहा हाये, मी पाह्यते." तिने दोन हात पलीकडे, साध्या सिमेंटवर, रितिकाला उभं केलं. "बॅट पाठीमागं घे. कमरेवर आडवी. दोन्ही कोपरांत अटकव. आता हातच नाई तुले. समजलं? बॉल येऊन राहिला. कशानं मारशीन?"

रितिका हसली. मग विचारात पडली. मग तिने कंबर वळवली आणि पाठीमागची बॅट तिच्याबरोबर वळली.

"हां. पुन्हा. पुढचा पाय थोडासा टाक, अंड्यावर ठेवल्यासारखा. तो टेकला की मांगचा गुडघा आत, टाच वर. टाच उचलली तं उचलू दे. उचललीच पाहिजे."

वीस वेळा झालं. पंचवीस वेळा झालं. मग मेघाने मुठीतली टरफलं तिच्या मागच्या पायाच्या चवड्याखाली पसरली.

"आता बॅट हातात घे. बॉल नाई, काही नाई. नुसती फिरव. टरफल आधी वाजलं पाहिजे, बॅट मंग. बाबा, तुम्ही सांगा."

आनंदरावांना काम मिळालं. ते बाजेवर ताठ बसले.

"हात आधी," त्यांनी निकाल दिला.

पुन्हा.

"हात आधी."

"आबा, थोडं तरी..."

"थोडं नाई चालत. हात आधी."

सहाव्या वेळी ते म्हणाले, "दोन्ही संगच." अकराव्या वेळी ते काही बोललेच नाहीत. रितिका थांबून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. काळ्या चष्म्याखाली त्यांचं तोंड हळूहळू हसरं झालं.

"पाय," ते म्हणाले.

मग मेघाने तिला कठड्याजवळ नेलं, कठड्याकडे तोंड करून, एका बॅटीच्या अंतरावर. बॅट कठड्याला घासली की समजायचं, हात लांबून येताहेत. कोपर पोटाजवळून काढ, मूठ आधी आण, बॅटचं डोकं सगळ्यात शेवटी. चार वेळा बॅट कठड्याला ठणकन लागली. मोनालीला नव्या निळ्या रंगाचे पोपडे पडताना दिसले, तरी तिने अडवलं नाही. उलट रितिका पुन्हा टरफलांवर येऊन उभी राहिल्यावर तीच उठून स्टुलावर बसली आणि बॉल उडवायला लागली, जरा वाकडेतिकडे, पण मनापासून.

रविंद्र ट्रे घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचला तेव्हा त्याला आधी टरफल वाजल्याचा आवाज आला. मग एक स्वच्छ, गोल आवाज, टण्ण. आणि मच्छरदाणीला आरपार भोक पाडून पिवळा बॉल पाण्याच्या टाकीवर आदळला.

हा आवाज त्याने या गच्चीवर तीन महिन्यांत ऐकला नव्हता. त्याआधी कधी ऐकला होता ते मात्र त्याला लगेच आठवलं. कामठीच्या मैदानावर, बहिणीला घ्यायला सायकल घेऊन जायचा तेव्हा. कुंपणाबाहेरून तो आवाज आला की त्याला कळायचं, आता मेघी.

रितिका त्याच्याकडे पाहत होती. हसावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यानेच तो वितळला. लेकीला चांगला फटका मारून बापाची भीती वाटावी, हे त्याच्याच्याने पाहवलं नाही.

"कुठी गेला बॉल?" त्याने विचारलं.

"टाकीवर."

"मच्छरदानी नवी आनावी लागन मंग," तो म्हणाला आणि ट्रे खाली ठेवला. रितिका बॅटीसकट येऊन त्याला बिलगली.

चहा सगळ्यांनी निमूट प्यायला. पाकासारखा गोड होता.

"मेघे," रविंद्र कपाकडे पाहत म्हणाला, "मंगळवारी सुट्टी भेटन का तुले? अमरावतीले कोनीतरी पाहिजे तिच्यासोबत. ज्याले समजते असं."

"विचारते सुपरवायझरले. भेटन."

"अन् अजून एक हाये." त्याने कप ठेवला. "तो झिरो नव्हता."

मेघाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"मंग किती होते?"

"माही बॅटिंगच नाई आली. सहाव्या नंबरवर होतो. तीनच पोट्टे आउट झाले अन् मॅच जिंकलो आपन. मी बुटाची लेस बांधून निंबाखाली बसलो होतो, संध्याकाळपर्यंत. तुही गाडी साडेचारची होती. मले गाडीचा टाइम माहीत होता." त्याने खाली ठेवलेला कप उगाच फिरवला. "झिरो म्हटलं तं वाटे, निदान खेळलो तं. माह्यावाचून कोनाचं अडलंच नाई, अन् तुहं मात्र माह्यामुळं अडलं. हे नाई सांगता आलं कदी."

सिंधूताईंनी नवऱ्याचा हात धरला. आनंदराव मान खाली घालून बसले होते. सोबतीची अट त्यांची होती, हे ते विसरले नव्हते.

मेघाने पिशवीतून एक शेंग काढली, फोडली आणि दाणे भावाच्या तळहातावर ठेवले, सकाळपासून बापाच्या ठेवत होती तसे.

"बावीस वर्ष खोटं बोलला तू," ती म्हणाली. डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती. "तेही झिरोचं. शंभर तरी सांगायचे, दादा."

"मंगळवारी सकाळी सहाची गाडी हाये. मी येऊन राहिलो सोबत."

"मी जाते ना रितूसोबत. तू काहून सुट्टी घालवते?"

"रितूसोबत तू जाजो," रविंद्र म्हणाला. "मी तुह्यासोबत येतो."

मेघाने पदराने डोळे पुसले. मग तो पदर कमरेला खोचला आणि रितिकासमोर हात पुढे केला. रितिकाने न विचारता बॅट दिली. मेघाने टरफलांवर उभं राहून ती हातात तोलून पाहिली, मूठ दोनदा सैल केली, दोनदा आवळली. रविंद्र चटकन उठून स्टुलावर बसला आणि बॉल हातात घेतला. त्याने बॉल उडवला.

टरफल वाजलं. मग सुं. मग तो आवाज.

आनंदराव चघळायचे थांबले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, दिसत तर काहीच नव्हतं.

"हे रितू नाई," ते म्हणाले. "हे मेघी हाये."

सिंधूताईंनी त्यांचा चष्मा काढला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच डोळ्यांवरच्या फडक्याची गाठ सोडली.